डाव्या हातानं जेवणारं पुस्तक

लल्ला बेयानं नवऱ्याला माफ केलं होतं. लग्नाला दीड वर्ष झालं आणि तो इटलीला जाणाऱ्या बोटीवर चढला तो चढलाच. मागे वळून बघितलं नाही, एक चिठ्ठी नाही. सासूनं तिच्या बांगड्या विकून धाकट्या लेकाचं लग्न लावलं, तिलाही माफ केलं. म्हातारी शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा हिनंच तिचं हगणं-मुतणं काढलं. पण सी शाझलीला तिनं माफ केलं नाही. मी अकरा वर्षं तिच्या बालवाडीत स्वयंपाक केला, मुलांची नाकं पुसली, आणि त्यातली तीन वर्षं रोज सकाळी त्या माणसाच्या नावानं घातलेल्या शिव्या ऐकल्या.

बेया करकना बेटांवरची. आमच्या स्फाक्स शहराच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की ती बेटं दिसतात न दिसतात, बोटीनं तासाभराचं अंतर. तिथला समुद्र उथळ, गुडघाभर पाण्यात चालत जाऊन माणसं ऑक्टोपससाठी मडकी टाकतात. बेया तिसरीपर्यंत शिकली, मग बापाबरोबर खजुरीच्या झावळ्या विणायला बसली. विणताना हाताला लय लागते, आणि लय लागली की हिच्या तोंडातून यमकं सुटायची. लग्न होऊन स्फाक्सला आली, एकटी पडली आणि घरातल्या पुढच्या खोलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं सांभाळायला लागली, तशी सगळी तिला मानानं लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणू लागली. तेव्हा ती यमकं पुन्हा कामाला आली.

तिची पुस्तकं तिनंच केलेली. बिस्किटाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापायचे, कोळशानं चित्र काढायचं, डाळिंबाच्या सालीनं आणि मुलांच्या रंगकांड्यांनी रंगवायचं, आणि जाळं शिवायच्या दोऱ्यानं कडेला टाके घालायचे. अक्षर एकही नाही. अशी सात पुस्तकं होती. वाचायला बसली की पुस्तक गालाशी धरायची, चित्र मुलांकडे, स्वतः कधी पानाकडे बघायची नाही. ओळ म्हणायची आणि शेवटच्या शब्दाच्या आधी थांबायची. तो शब्द मुलांचा. तीस मुलं एकदम ओरडायची, आणि गल्लीतला न्हावीसुद्धा वस्तरा हवेत धरून ओरडायचा.

सगळ्यांत लाडकं पुस्तक आठ हातांच्या पाहुण्याचं. ऑक्टोपस एका घरी जेवायला येतो.

*आला पाहुणा आठ हातांचा,*
*ओला ओला, बिनदातांचा.*
*आजी म्हणती, मारतोय वास,*
*धू की हात नि मग घे घास.*
*धुतले आठ, पुसले सात,*
*खायाचा आता कुठला हात?*

"हात! उजवाऽऽ!" मुलं ओरडायची, आणि आपापला उजवा हात वर करून नाचवायची. मग पानोपानी तेच. भाकरी मोडायची कुठल्या हातानं, खजूर द्यायचा कुठल्या हातानं, सलाम करायचा कुठल्या हातानं. आमच्याकडे एका परातीत सात-आठ जण जेवतात, मुलानं डावा हात घातला की आजी मनगटावर चमचा हाणते. बेयाच्या बालवाडीतलं पोर चमचा न खाता शिकायचं. आया लांबून मुलं आणून घालायच्या ते त्यासाठी.

शाझली आधी मास्तर होता, म्हणून सगळे त्याला मानानं 'सी' म्हणायचे. मग वेशीजवळ त्यानं वह्या-पुस्तकांचं दुकान काढलं, मागे छोटा छापखाना. बोलायचा रेडिओवरच्या बातम्यांसारखं. एका वर्षी तो दर गुरुवारी आमच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागला. येताना खजूर भरलेले रव्याचे गोड मकरूद आणायचा. बेया त्याला वाफवलेल्या रव्याचं कुसकुस वाढायची, त्यातला माशाचा मधला तुकडा त्याला. "लल्ला, ही गाणी म्हणजे खजिना आहे," म्हणायचा. बेया लाजायची. चाळिशी ओलांडलेली बाई, पण तिच्या गाण्यांना आजवर कुणी खजिना म्हटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. रंगीत, गुळगुळीत कागद. 'चंद्राची भाकर'. बेयाचं दुसऱ्या नंबरचं लाडकं गाणं. वर सोनेरी अक्षरांत नाव: शाझली. आत कुठंही बेया नाही. राजधानीत त्याला कसलंसं बक्षीसही मिळालं.

ती दुकानात गेली, मला बरोबर घेऊन.

"सी शाझली, हे माझं हाय."

तो हसला. गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडे बघून हसला. "लल्ला, ही लोकगीतं. लोकांच्या तोंडी असतात. त्यांना मालक नसतो. समुद्राला मालक असतो का?"

"आमच्याकडं असतो," बेया म्हणाली. "करकन्याला समुद्रात झावळ्यांची कुंपणं घालत्यात मासं धरायला. माझ्या बापाचं कुंपण त्येच्या आज्यापासनं व्हतं. दुसऱ्याच्या कुंपणातला मासा उचलला तर त्याला आम्ही चोर म्हनतो."

"अगं पण मी ते शुद्ध केलं. तुझं ते बेटावरचं बोलणं छापलं असतं तर लोक हसले असते."

"हसाया पायजेत! मुलांचं पुस्तक हाय, मयताचं न्हाई!"

गिऱ्हाइकं हसली, पण बेयाला हसली. शाझलीनं तिला एक प्रत भेट म्हणून दिली. वर सही करून.

ती प्रत बेयानं चुलीत घातली नाही. मी म्हटलं घाल. म्हणाली, "न्हाई. रोज बघीन." स्वयंपाकघरात तेलाच्या बुधल्यामागे ठेवली आणि रोज बघितली. बाजारातून ताजा ऑक्टोपस आणला की तो मऊ पडेपर्यंत दगडावर आपटावा लागतो, तीस-चाळीस वेळा. ते काम आधी मी करायची. आता ती करायला लागली. "हे त्याच्या नाकावर," फाट्. "हे त्याच्या सोनेरी अक्षरांवर," फाट्. "हे त्या मकरूदांवर, जे मी मेली हसत हसत खाल्ले," फाट्, फाट्. त्या तीन वर्षांत आमच्या बालवाडीतल्या ऑक्टोपसाइतका मऊ ऑक्टोपस स्फाक्समध्ये कुणी खाल्ला नसेल.

मी विचारलं, "बये, तुला नेमकं हवंय काय?"

"माझं नाव. पुस्तकावर. मोठ्या अक्षरांत. मला वाचता आलं पायजे एवढं मोठं."

तीन वर्षांनी तो पुन्हा आला. मार्च महिना, दुपार, मुलं जेवून चटयांवर लवंडलेली. हातात मोठं पाकीट. अंगणात खुर्चीवर बसला, जणू मधे काही झालंच नाही.

"लल्ला, एक चांगली बातमी. आपलं ऑक्टोपसचं पुस्तक निघतंय."

'आपलं' हा शब्द ऐकला आणि बेयाची मान ताठ झाली. पण आवाज साखरेचा. "व्हय का? बघू की."

त्यानं छपाईचे नमुने मांडीवर पसरले. 'अष्टभुज अतिथी'. खाली तेच नाव, आता दुप्पट मोठं. चित्रं फ्रान्समध्ये शिकणाऱ्या एका मुलीनं काढलेली, फार सुंदर, खरं सांगायला हवं. ऑक्टोपस निळा-जांभळा, डोळे बिचारे. तो सांगत होता, "त्या पोरीला तिकडच्या पुस्तकांची सवय. पाहुणा डावीकडून उजवीकडे चालवला होता. आपली पुस्तकं उजवीकडून उघडतात, उजवीकडून डावीकडे वाचतात, पाहुणा मुलांच्या तोंडावर चालून आला असता! मी म्हटलं, चित्रांच्या फिल्म उलट्या लावा, आरशासारख्या. आता बघ कसा पान उलटायच्या दिशेनं चालतोय. ही नजर लागते, लल्ला. पुस्तक करणं म्हणजे नुसतं यमक जुळवणं नव्हे."

मी बेयाच्या खांद्यावरून बघत होते. पाहुणा खरंच नीट चालत होता. पुढचं पान. परातीभोवती सगळं घर बसलेलं: बाप, आई, तीन पोरं, आजी. सगळ्यांचे हात कुसकुसमध्ये.

सगळ्यांचे डावे हात.

मी तोंड उघडलं. बेयानं खालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. काळानिळा डाग आठ दिवस होता. तिनं पान उलटलं. आजी भाकरी मोडून देते, डाव्या हातानं. खजूर, डाव्या हातानं. शेवटी पाहुणा सलाम करतो आणि बाप त्याला छातीवर डावा हात ठेवून निरोप देतो. चित्रं उलटली, आणि चित्रांतली माणसंही उलटली. शाझलीला दिसलं नाही. तो त्याच्या नावाचं अक्षर बघत होता, वळण जरा जाड हवं होतं का म्हणून. छापखान्यातल्यांनाही दिसलं नसावं. ज्यांना वाचता येतं ते अक्षरं बघतात. चित्र बघायला मूल लागतं.

आणि मूल आलं. मुल्का, पाच वर्षांची, कधीच झोपायची नाही. शाझलीचा चेहरा उजळला. "ये, ये! मी त्यासाठीच आलो, लल्ला. मुलांपुढे एकदा वाचून बघू. कुठं हसतात, कुठं कंटाळतात. छापायला जायच्या आधी."

मुल्का वाकली. तिचं बोट परातीकडे गेलं. बेयानं टोपलीतून खजूर उचलला आणि तिच्या तोंडात कोंबला, मग दुसरा. "जा गं, हात धू जा, चिकट हायेत. सी शाझली, मुलं झोपल्यात. उठवली तर संध्याकाळपत्तुर किरकिर करत्यात. अन् तपासायचं काय त्यात? इतकं सुंदर झालंय."

"खरंच आवडलं?"

"माझ्या बापाची शपथ, असं पुस्तक मी जन्मात पाहिलं न्हाई."

तो खूष झाला. निघताना म्हणाला, पुस्तकांच्या सप्ताहात उद्घाटनाला तूच तुझी मुलं घेऊन ये, पुढच्या रांगेत बसव, त्यांना गाणं येतंय, छान ओरडतील. बेयानं त्याला दारापर्यंत पोचवलं. दार लावलं, दाराला पाठ टेकली आणि मला म्हणाली, "सलवा, कुणाला एक शब्द बोललीस तर तुझी जीभ सुकवून दोरीवर टांगीन."

मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी कांदा चिरताना म्हटलं, "बये, गाणं तर तुझं आहे ना? त्याचंच हसं होणार."

"व्हऊ दे."

"ती पोर, चित्रं काढणारी. तिची काय चूक?"

ती थांबली. तिच्या ध्यानात ते आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि तिनं ते मागे ढकललं होतं. "तिचं नाव तरी हाय पुस्तकात," म्हणाली, आणि मटार सोलायला बसली.

उद्घाटनाला आम्ही बत्तीस मुलं नेली. निळे-गुलाबी झगे धुऊन, इस्त्री करून. बेयानं स्वतः लग्नातला रेशमी, चादरीसारखा सफसारी अंगभर घेतला होता, वर्षानुवर्षं पेटीत पडलेला. सभागृहात शाळांचे मुख्याध्यापक, तपासणीस, मोठ्या घरच्या बायका, पुढे टेबलावर पुस्तकांचे ढीग. शाळांनी आधीच गठ्ठे नोंदवून ठेवलेले. शाझली टाय लावून उभा राहिला. बेयासारखंच पुस्तक गालाशी धरलं. तेवढंही तिच्याकडूनच उचललेलं.

"अष्टभुज तो अतिथी आला,
आनंद झाला अवघ्या घराला.
आजी वदली, हे प्रिय जलचर,
भोजनास्तव कोणता तव..."

थांबला. मुलांकडे बघून भुवया उडवल्या. बत्तीस मुलं गप्प. एक पोरगं नाकात बोट घालून बसलं. मागून कुणीतरी खोकलं.

"कोणता तव...? सांगा बरं, बाळांनो?"

आमचा हातिम हळूच बेयाला विचारतो, पण त्याचा हळू आवाज गल्लीच्या टोकाला जातो: "लल्ला, हा आजोबा आजारी आहे का?"

बायका हसल्या. शाझली लाल झाला. चित्र तरी मुलांना आवडेल म्हणून त्यानं पान उघडून पुढे धरलं, अगदी मुलांच्या नाकासमोर. परात. सगळं घर.

मग मुल्का उठून उभी राहिली.

"ईऽऽऽ! डाव्या हातानं खातायत!"

"कुठं? कुठं?"

"आजीपण! बघ, आजीपण!"

"शीऽऽ! धुवायच्या हातानं!"

"ढुंगण धुवायच्या हातानं कुसकुस खातायत!"

बस्स. बत्तीस मुलं उभी. ओरडतायत, उड्या मारतायत, उजवे हात वर करून नाचवतायत. एकानं ओकल्यासारखं केलं, मग सगळ्यांनी ओकल्यासारखं केलं. शाझलीनं घाईनं पान उलटलं. भाकरी, डाव्या हातानं. किंकाळी. पुढचं पान. खजूर. किंकाळी. तो उलटत राहिला, घाबरला की माणूस तसंच करतो, आणि प्रत्येक पानाला सभागृह फुटत गेलं. शेवटी तपासणीस उठला, टेबलावरची एक प्रत उघडली, चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली आणि सावकाश पालथी ठेवली.

"सी शाझली," म्हणाला, "हे आम्ही मुलांना रीत शिकवायला घेणार होतो."

मी बेयाकडे बघितलं. ती हसत नव्हती. ताठ बसली होती, हात मांडीवर, लग्नात नवरी बसते तशी, आणि त्याच्या तोंडावरून नजर हलवत नव्हती. एक घडी वाया जाऊ देत नव्हती. मुलांना गप्प करणं तिला एका टाळीचं काम. टाळी वाजवली नाही.

गठ्ठे परत आले. शहरभर बोभाटा झाला. शाळेसमोरून तो जाऊ लागला की पोरं डावा हात तोंडाशी नेऊन घास घेतल्यासारखं करायची.

महिन्याभरानं तो आमच्या दारात आला. वाळला होता, दाढी वाढलेली. बेया उंबऱ्याच्या आत उभी राहिली. आत ये म्हणाली नाही. बस म्हणाली नाही. आमच्याकडे वैरी दारात आला तरी त्याला पाणी विचारतात. पाणी विचारलं नाही.

"तू पाहिलं होतंस," तो म्हणाला. रेडिओचा आवाज गेला होता. "त्या दुपारी. पाहिलं होतंस ना?"

"व्हय."

"आणि बोलली नाहीस."

"तू तीन वर्षं बोलला न्हाईस."

मग त्यानं घाईघाईनं, एका दमात सांगितलं: "ऐक. चित्रं सरळ करून घेतो. नवीन काढतो. तुझ्या बोलीत, जसंच्या तसं. वर फक्त तुझं नाव. माझं कुठंच नको. 'चंद्राची भाकर' पण पुन्हा काढतो, तुझ्या नावानं. लिहून देतो. तू फक्त उद्घाटनाला उभी राहा आणि मुलांकडून म्हणवून घे. तू म्हणालीस तर लोक घेतील. मला पुन्हा दुकानात तोंड दाखवता येईल."

माझ्या हातातली पळी थांबली. तीन वर्षं दगडावर जे आपटलं होतं ते सगळं दारात येऊन उभं होतं, हात जोडून. हो म्हण, बये, मी मनात म्हटलं. हो म्हण.

"अन् जी छापली ती?" बेयानं विचारलं. "परत आली ती. त्यावर कुणाचं नाव?"

"माझं. पण दुसरं आलं की लोक पहिलं विसरतील."

"तेच म्हनते मी." ती उंबऱ्यावर एक पाऊल पुढे आली. "तू माझं नाव लावलंस की ते पुस्तक धुतलं जाईल. तुझं तोंडबी धुतलं जाईल. माझ्या नावानं तुझं तोंड धुवायचं? न्हाई, सी शाझली. न्हाई. एकच पुस्तक हाय. त्यावर तुझं नाव हाय. सोन्याचं. ऱ्हाऊ दे."

"लल्ला, गाणं वाया जाईल."

"जाऊ दे."

"तुझंच गाणं आहे!"

"आता म्हनलास," ती म्हणाली, आणि दार लावलं.

आम्ही भांडलो. अकरा वर्षांत तसं भांडलो नव्हतो. मी म्हटलं, मूर्ख आहेस, नाव मिळत होतं, सोन्याचं, वाचता येईल एवढं. तू स्वतःच्या पोटावर पाय दिलास. ती भांडी घासत राहिली, इतक्या जोरात की तांब्याची कल्हई निघाली. खूप वेळानं म्हणाली, "मला नाव पायजे व्हतं, सलवा. खोटं न्हाई बोलत. पण ह्ये जास्त पायजे व्हतं." मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. तिनंही मनधरणी केली नाही.

त्यानंतर तिनं आठ हातांच्या पाहुण्याचं पुठ्ठ्याचं पुस्तक मुलांसमोर क्वचितच काढलं. मुलं मागायची. काढलं की म्हणायची, पण शेवटच्या शब्दाआधी थांबली की मुलं डावा हात तोंडाशी नेऊन शाझलीची टवाळी करायला लागायची, आणि गाणं तिथंच हसण्यात फुटायचं. ते गाणं पुन्हा तसं कधी झालं नाही. हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात बातमी आली. शाझलीनं दुकान विकलं, कुटुंब घेऊन राजधानीला मेव्हण्याकडे गेला. भाजीवाल्यानं सांगितलं, मी येऊन बेयाला सांगितलं. ती परातीत रवा मळत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत.

"गेला?"

"गेला. सामान टेम्पोत चढवत होते तर गल्लीतली पोरं मागे मागे. ओरडत होती."

"काय ओरडत व्हती?"

"डावखुरा शाझली, डावखुरा शाझली."

तिनं रवा मळणं थांबवलं. "अजून एकदा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि ऐकलं, ओठ हलवत, जणू पाठ करत होती. मग डोळे उघडले.

"अजून एकदा."